थोरलीचा टाक

३ जानेवारी १९८२, रविवार

आज सातपूरला आले. घोटीहून एस.टी. वेळेवर सुटली, खिडकीजवळ जागा मिळाली आणि नाशिक येईपर्यंत कोवळं ऊन अंगावर येत राहिलं. लग्न परवा वडिलांच्या अंगणात उरकलं. बिजवराचं लग्न, म्हणून वाजंत्री नाही, वरात नाही. मला ते बरंच वाटलं. चार माणसांत मला बोलायला सुचत नाही.

घर कारखान्याच्या कॉलनीत आहे. दोन खोल्या, घरात नळ, मागच्या दारी कडुलिंबाचं झाड. दारात सरू उभी होती. सरू म्हणजे माझ्या आक्काची मुलगी, चार वर्षांची. दोन वेण्यांना दोन रंगांच्या रिबिनी. मावशी म्हणून धावत आली आणि माझ्या पायांना मिठी मारली. माझ्या सासूबाई धोंडाबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांनी लगेच तिला बजावलं की आता मावशी नाही, आई म्हणायचं. सरूने जरा विचार केला आणि सांगितलं, मी मावशीआई म्हणीन. मला हसू आलं. आक्का गेल्यापासून पहिल्यांदा.

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण चंद्रभागा, गेल्या श्रावणात याच घरात आजारी पडली आणि त्यातच गेली. तिची पोर परक्या बाईच्या हातात जाऊ नये म्हणून मी या लग्नाला हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही. मल्हारी परवापर्यंत माझे दाजी होते. तोंडात अजून दाजीच येतं. इथे 'हे' लिहीन.

ही डायरी त्यांनीच दिली. नव्या वर्षाला कारखाना कामगारांना वाटतो. म्हणाले, आमच्या घरात लिहिणारं-वाचणारं कोणी नाही, तुला होईल. संध्याकाळी सरू माझ्या मांडीवरच झोपली. एकूण दिवस चांगला गेला.

८ जानेवारी

आज अमावास्या नाही, पौर्णिमाही उद्या, तरी आत्याबाईंनी मुहूर्त काढलाच. माझ्या गळ्यात थोरलीचा टाक घातला.

आमच्याकडे दुसरेपणाच्या बायकोला पहिलीचा टाक घालावा लागतो. चांदीचा रुपयाएवढा पत्रा, त्यावर सोनाराने बाईची आकृती ठोकलेली. पहिली बायको वर गेली तरी तिचा जीव नवऱ्यात असतो, म्हणून तिला गळ्यात ठेवायची, तिला आधी हळदीकुंकू लावायचं, आधी तिला घास दाखवायचा आणि मग आपण जेवायचं. नाहीतर ती दुसरीला सुखाने नांदू देत नाही. हे सगळं आत्याबाईंनी मला गंभीर चेहऱ्याने समजावलं. माझ्याच बहिणीपासून मला वाचवण्यासाठी माझ्याच गळ्यात माझी बहीण. आणि त्या टाकातल्या बाईला नाकसुद्धा नाही. आक्काचं नाक केवढं सुरेख होतं.

शिक्षिकेच्या कोर्सला होते तेव्हा वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून पहिली आले होते, पण या बाईंशी काय वाद घालायचा? त्यांना वाचता येत नाही, तरी जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांना ठाऊक असतं. हे दारात उभे राहून बघत होते. हे वाईट नाहीत. वाईट व्हायलाही थोडी अक्कल लागते.

१९ जानेवारी

कॉलनीच्या बालवाडीत मला कालपासून शिकवायला घेतलं. एका खोलीत एवढी पोरं, दिवसभर ओरडून घसा बसला. काल रात्रीपासून गिळताना दुखतं.

आत्याबाईंनी अंगारा आणला. मी तो कपाळाला लावून घेतला, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. मग फळीवरचा डबा काढला. या घरात शहाणपणाची एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे हा चहाचा जुना पत्र्याचा डबा. कारखान्याच्या दवाखान्यातून हे ज्या गोळ्या आणतात त्यातल्या उरलेल्या सगळ्या त्यात असतात. सगळी कॉलनी असंच करते. खोकला सांगितला की मूठभर मिळतात, दोन खातात, बाकी डब्यात. घशाला, तापाला, उन्हाळी लागून लघवीला जळजळलं तर त्यालाही मोठी पांढरी गोळी चालते, तिच्यावर मधोमध रेघ असते. सरू तिला रेघेची गोळी म्हणते. मी सकाळी एक, संध्याकाळी एक घेतली.

शेजारच्या लताबाई डोकावल्या. त्या दिवसातून चार वेळा डोकावतात. माझ्या गळ्यातल्या टाकाकडे बघून म्हणाल्या की थोरली लय माया करायची हो, ती कशाला त्रास दील. मग स्वतःच्या मुलीसाठी दोन गोळ्या मागून घेऊन गेल्या.

२१ जानेवारी

घसा बरा. गोळीने काम केलं. मात्र गळ्याच्या खळगीत, बरोबर टाक टेकतो तिथे, एक गोल लाल डाग उठलाय. खाजतो, भाजल्यासारखा. सोनाराने चांदीत भलतंच काहीतरी मिसळलं असणार. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, सोनार वळखीचा हाय. म्हणजे झालं.

२ फेब्रुवारी

डाग सुकला, पण जागा काळीनिळी राहिली, वांग्याच्या सालीसारखी.

आज लिहायचं ठरवलं म्हणून लिहिते. आक्काला शेवटचं पाहिलं तेव्हा ती दवाखान्यात होती. मला आधी वाटलं, ही दुसरीच कोणीतरी बाई आहे. ओठ काळ्या खपल्यांनी चिकटलेले. डोळे बंद, पापण्या जोडलेल्या. पाठीची कातडी, दुधावरची साय फुंकरीने सरकते, तशी चादरीला लागून सरकली होती. घोटीत लोक म्हणाले, उकळतं पाणी ओतलं असेल. वडिलांनी ह्यांना सगळ्यांसमोर विचारलं. ह्यांनी सरूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि मोठ्याने रडले.

मला पाण्याचं खरं वाटत नाही. तेवढा दुष्टपणा या लोकांना झेपणार नाही. यांनी केलं ते त्याहून हलकं. आक्काच्या अंगावर फोड आले तेव्हा यांनी ठरवलं की देवी आली. सरकार गावोगावी भिंतीवर लिहीत होतं की देवीचा रोग गेला, पण आत्याबाईंनी भिंत वाचलेली नाही. घरात फोडणी बंद, अंथरुणाखाली कडुलिंबाचा पाला, औषधाचा थेंब नाही, कारण देवीला औषध चालत नाही. माणसाची कातडी उतरत होती आणि ही बाई पाला बदलत होती. वेळेवर गोळ्या दिल्या असत्या तर आक्का आज इथे बसली असती.

दुपारी मी भाकरी करत असताना आत्याबाई आपणहून सुरू झाल्या. थोरलीला आधी उन्हाळी लागली, तवा ती... एवढं म्हणाल्या आणि मी तवा उतरवून उठले. त्यांच्या तोंडून आक्काचं मरण मला ऐकायचं नाही. त्या मागून म्हणाल्या, ऐकून तर घे, बाई. मी नळ सोडला.

१८ फेब्रुवारी

पुन्हा घसा. पुन्हा गोळी. आणि रात्रीतून डाग पुन्हा पेटला, बरोबर त्याच जागी, त्याच आकाराचा. मधे पाण्याचा एक फोड.

आज टाक काढला. काळ्या दोऱ्यासकट देवघरात ठेवला आणि स्पष्ट सांगितलं की या पत्र्याने माझी कातडी जळते. आत्याबाई देवघराशी धावल्या. मग म्हणाल्या, तिला उतरवू नगं, पोरी. ती काय पत्रा हाय व्हय? मी म्हटलं, हो, पत्राच आहे. त्यांनी कानाला हात लावले आणि संध्याकाळी जेवल्या नाहीत.

ह्यांनी रात्री समजूत घालायचा प्रयत्न केला. ह्यांची समजूत घालायची पद्धत अशी की समोर बसायचं, गुडघे चोळायचे आणि 'जाऊ दे ना' म्हणायचं. कोणी काय जाऊ द्यायचं ते कधीच सांगत नाहीत.

२२ फेब्रुवारी

टाक काढून चार दिवस झाले. गळ्याचा डाग काळा पडतोय. पण आज डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, अंगठ्याजवळ, दुसरा उठला आहे.

तिथे तर टाक टेकत नव्हता.

आणि एक आठवलं. आक्का दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घोटीला आली होती तेव्हा तिच्या हातावर असाच काळा गोल होता. मी विचारलं तर म्हणाली, तव्याचा चटका. कोणता हात ते मी आठवत बसले. डावा. अंगठ्याजवळ.

सरूने तो पाहिला आणि सहज म्हणाली, आईचा डाग आला.

आत्याबाईंनी ते ऐकलं. देवघरात जाऊन टाकाला हळदीकुंकू लावून आल्या. मी मनात म्हटलं, लावा. पाच पैशांच्या कुंकवाने तुमची भीती जात असेल तर स्वस्तच आहे. पण हात धुताना मी त्या डागाकडे बघितलं नाही.

५ मार्च

सरूला ताप आला. मी बालवाडीतून येते तो आत्याबाई मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकत होत्या. घरभर धूर आणि पोर खोकतेय. मला आजवर कधी आला नव्हता एवढा राग आला. सगळं साचलेलं बोलले. एक पोर मारलीत पाल्यावर, आता हिची पाळी का? असं म्हणाले. आत्याबाईंचा चेहरा उतरला. डोळ्यांतून पाणी आलं.

मग मी त्यांना बसवून शिकवलं. बालवाडीतल्या पोरांना शिकवते तसं. हा डबा. ही रेघेची गोळी. रेघेवर मोडायची. अर्धी सरूची. आधी पाणी, मग गोळी, मग पुन्हा पाणी. सकाळी आणि संध्याकाळी. मी घरी असो वा नसो, ताप दिसला की अंगारा नाही, दृष्ट नाही, ही गोळी. त्यांच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. नंतर त्यांच्या हाताने गोळी मोडून घेतली. त्यांनी ती बरोबर रेघेवर मोडली. मला समाधान वाटलं. या घरात निदान एक गोष्ट मी सुधारली.

७ मार्च

सरूचा ताप उतरला. खेळतेय. वरच्या ओठाच्या कडेला एक काळपट गोल दिसतो, मसुराएवढा. पुसला, निघाला नाही. बालवाडीतल्या शाईत बोट घालून तोंडात घातलं असेल.

११ मार्च

होळी झाली आणि कॉलनीत तापाची साथ आली. मलाही घसा, अंगदुखी. बालवाडी बुडवायची नाही म्हणून गोळी दोन्ही वेळा चालू केली.

१४ मार्च, रंगपंचमी

हे मित्रांबरोबर नाशिकात रहाडीत उड्या मारून आले. रंगाच्या हौदात पोहून माणूस घरी येतो आणि दाराची कडी, माठ, पोर, सगळं गुलाबी करतो. मलाही चेहऱ्याला लावला. मी ताप अंगात असताना. हसत होते.

डोळ्यांची आग होतेय. ओठ जड झालेत. रंग निकृष्ट असणार. संध्याकाळची गोळी घेतली.

१५ मार्च

तोंड आतून सोललंय. भाकरी गेली नाही. दूधही झोंबलं. गळ्याचा डाग, हातावरचा डाग, दोन्ही पेटलेत, आणि छातीवर, पाठीवर, मांड्यांवर नवे. लताबाई म्हणाल्या, रंगाचं हाय, खोबरेल लावा. लावायला गेले तर तेल टोचलं. साडी टेकते तिथे दुखतं. पदरसुद्धा.

एक गोळी जास्त घेतली.

१६ मार्च

फोड. मोठे, पाण्याचे, ढिले. दोन फोड मिळून एक होतात. कुशीवर वळले आणि खांद्याचं काहीतरी अंथरुणाला राहिलं. बघितलं. पातळ, ओलं. माझंच.

लताबाईंनी दारातूनच पाहिलं आणि त्या मागे सरकल्या. दुपारी पोरं घेऊन हरसूलला भावाकडे निघून गेल्या. जाताना बाहेरून म्हणाल्या, देवी हाय, आत्याबाई, पोरांना लागंल. रोज चार वेळा डोकावणारी बाई.

आत्याबाईंनी फोडणी बंद केली. पाला आणला. मी मान हलवून नको म्हटलं. आवाज निघत नाही. त्यांनी ऐकलं. पाला बाहेर टाकला. मग केळीची पानं आणली, त्यावर निजवलं. गार लागतं. हे मला आवडलं, असं लिहायला लागतंय.

त्यांनी टाक आणून उशाशी ठेवला. मी ढकलला नाही.

१७ मार्च

डावा डोळा उघडत नाही. उजव्याने लिहिते.

भीती वाटते. मी आक्कासारखी दिसत असणार. सरू दारापाशी उभी राहते, आत येत नाही. मला आई म्हणून हाक मारते. मावशीआई नाही.

सकाळी आत्याबाई पाण्यात गोळी विरघळवून चमच्याने देत होत्या. रडत होत्या. म्हणाल्या, थोरलीपण अशीच, पोरी. उन्हाळी लागली की ही रेघेची गोळी घ्यायची. बरं वाटायचं. मग हातावर डाग. मग परत घ्यायची. फोड आले तरी सांगायची, अजून एक द्या आत्याबाई, गोळीनं जाईल. मी दिली. तुला तवाच सांगत होते, तू उठून गेलीस.

गोळी दिली होती त्यांनी.

दिली होती.

मी चमचा तोंडाने बाहेर ढकलला. सगळं केळीच्या पानावर सांडलं. डाग उठायचा तो गोळीनंतर. दर वेळी. टाक नव्हता. आक्का नव्हती. रंग नव्हता. एवढी शिकलेली मी आणि —

एकाच आईच्या पोटच्या दोघी. आमच्या रक्ताला ही गोळी चालत नाही. आणि सरू —

ओठावरचा काळा गोल. शाई नव्हती.

१८ मार्च

हे पहाटे कारखान्याची गाडी मागायला गेलेत. दवाखान्यात नेणार. डबा फेकून द्या, असं त्यांना हाताने दाखवलं. त्यांना वाटलं पाणी मागतेय. पाणी पाजलं. गुडघे चोळले. गेले.

अक्षर नीट येत नाही. बोटांची साल पेन्सिलीला —

सरू कण्हतेय. बाहेरच्या खोलीत. ताप असावा. साथ आहे.

आत्याबाई तिला विचारतायत, डोकं दुखतं का गं.

अंगारा द्या. मीठमोहऱ्या ओवाळा. धूर करा. काहीही करा तुमचं —

फळीवरचा डबा वाजला.

ओरडले. आवाज नाही. पाय आपटला. आत्याबाई आल्या. या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं

सरूला गोळी देऊ नका

आणि वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी वहीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले. म्हणाल्या, लिव, बाई, लिव. मन हलकं हुतं. पोरीची काळजी करू नगं. तू शिकवलंस ते समदं ध्यानात हाय माझ्या.

त्यांचा पदर धरला. हातातून सुटला. माझ्या हाताची कातडी पदरावर —

गेल्या.

इथून दिसतंय. सरू मांडीवर. डबा उघडा. गोळी उजेडात धरून रेघ शोधतायत.

मोडली. बरोबर रेघेवर.

आधी पाणी

सरू नको म्हणतेय. आत्याबाई म्हणतायत, आईनं सांगितलंय, शाणी माझी, आ कर —